दुपारी तयार झालेली वीज रात्री कशी वापरायची? चामोर्शीच्या धान शेतीपासून घाटघरच्या डोंगरापर्यंत, वीज साठवणुकीची गोष्ट

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र गडचिरोलीच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. त्याची क्षमता २,९२० मेगावॅट. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या वीज केंद्रांपैकी हे एक. तरीही चामोर्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला पंपासाठीची थ्री फेज वीज कधी येणार, याचं वेळापत्रक पाहावं लागतं. पाळी रात्रीची असेल तर टॉर्च आणि काठी घेऊन शेतात जावं लागतं. या भागात वाघ आहेत, बिबटे आहेत आणि २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने आलेले रानटी हत्तीही आहेत. त्यामुळे ‘वीज दिवसा मिळणार की रात्री’ हा प्रश्न इथे सोयीपुरता उरत नाही. तो जिवाचा प्रश्न होतो.

दुसऱ्या बाजूला राज्यात सौर ऊर्जा झपाट्याने वाढतेय. सौर वीज भरपूर असते ती दुपारी, आणि घराघरात विजेची मागणी वाढते ती संध्याकाळी. मग दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कुठे? सध्या देशभरात चर्चा आहे ती याच ‘ऊर्जा साठवणुकी’ची. ही साठवणूक म्हणजे नेमकं काय, ती कशी चालते, महाराष्ट्रात ती कुठे आहे आणि चामोर्शीसारख्या तालुक्याला तिचा काय उपयोग, हे समजून घेऊया.

वीज साठवून ठेवता येत नाही का?

तारेतून वाहणारी वीज आहे तशी साठवता येत नाही. ज्या क्षणी ती तयार होते, त्याच क्षणी ती कुठेतरी वापरली जावी लागते. चामोर्शीत कोणी मिक्सर सुरू केला, तर त्याला लागणारी वीज त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रात तयार होत असते. निर्मिती आणि वापर यांचा हा तोल चोवीस तास, प्रत्येक सेकंदाला सांभाळावा लागतो.

तोल बरोबर आहे की नाही, हे एका आकड्यावरून कळतं. तो आकडा म्हणजे ५० हर्ट्झ. आपल्याकडच्या विजेची ही वारंवारता. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की हा आकडा खाली येतो. निर्मिती जास्त झाली की वर जातो. भारतात तो ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायचा, असा नियम आहे. महाराष्ट्रात हे काम कळवा इथलं राज्य भार प्रेषण केंद्र करतं. विदर्भाच्या बाजूचं काम नागपूरच्या अंबाझरी इथल्या केंद्रातूनही पाहिलं जातं.

तोल पूर्ण बिघडला तर काय होतं, हे देशाने २०१२ मध्ये पाहिलंय. ३० आणि ३१ जुलैला लागोपाठ दोन दिवस उत्तर भारतातलं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. सुमारे ६० कोटी लोकांना त्याचा फटका बसला. महाराष्ट्र ज्यात येतो ते पश्चिम विभागाचं ग्रिड त्या वेळी वाचलं. पुढे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि ग्रिड हा शब्द पुन्हा घराघरात पोहोचला.

वीज साठवता येत नसली, तरी तिचं रूप बदलून ऊर्जा साठवता येते. विजेवर पाणी उंचावर चढवता येतं. बॅटरीत रासायनिक रूपात ठेवता येतं. गरज पडली की उलटी प्रक्रिया करून पुन्हा वीज मिळवायची. साठवणुकीचं सगळं तंत्र या एका कल्पनेवर उभं आहे.

मग आतापर्यंत साठवणुकीशिवाय कसं चाललं?

आतापर्यंत साठा होता, पण तो विजेचा नव्हता. तो होता कोळशाचा आणि पाण्याचा. चंद्रपूरच्या केंद्राच्या आवारातला कोळशाचा ढीग म्हणजे साठवलेली ऊर्जाच. मागणी वाढली की जास्त कोळसा जाळायचा, कमी झाली की कमी.

कोयना धरणाचंही तसंच. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. पाणी सोडलं की तिथले संच काही मिनिटांत वीज देतात, बंद करायलाही वेळ लागत नाही. म्हणून संध्याकाळच्या जादा मागणीच्या वेळी कोयनेचा आधार घेतला जातो.

सूर्याचं तसं नाही. त्याचा ढीग करून ठेवता येत नाही. सौर वीज सकाळी वाढत जाते, दुपारी टोक गाठते आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला जवळपास शून्यावर येते. नेमकं त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, कूलर सुरू होतात. म्हणजे दोन-तीन तासांत सौर वीज गायब होते आणि मागणी चढते. ही दरी भरून काढणं ग्रिड चालवणाऱ्यांसाठी सध्या सगळ्यात अवघड काम झालंय.

कोळशाच्या केंद्राला एवढ्या वेगाने वर-खाली होता येत नाही. बॉयलर प्रचंड तापलेला असतो. तो बंद करून पुन्हा सुरू करायला कित्येक तास लागतात. त्यामुळे दुपारी सौर वीज भरपूर असली तरी कोळशाचे संच पूर्ण बंद करता येत नाहीत. ते किमान पातळीवर चालू ठेवावे लागतात, कारण संध्याकाळी त्यांची गरज लागणारच असते. याचा परिणाम असा की दुपारी कधी कधी वीज गरजेपेक्षा जास्त होते आणि सौर प्रकल्पांनाच निर्मिती कमी करायला सांगावं लागतं. फुकटच्या उन्हातून येणारी वीज वाया जाते. त्याच दिवशी संध्याकाळी मात्र वीज बाजारातला भाव चढतो आणि अनेकदा प्रति युनिट १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो.

मेगावॅट आणि मेगावॅट-तास, यात फरक काय?

साठवणुकीच्या बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पूर्व विदर्भातल्या माणसाला हे मामा तलावावरून चटकन कळेल.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. पावसाळ्यात पडलेलं पाणी पाळ बांधून अडवायचं आणि धानाला लागेल तेव्हा तुडूम उघडून सोडायचं, ही इथली जुनी रीत. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची वाट.

आता तलावाबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. तुडूमातून एका वेळी किती पाणी बाहेर पडतं? आणि तलावात एकूण किती पाणी आहे? पहिल्याचं उत्तर म्हणजे मेगावॅट. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे मेगावॅट-तास. तुडूम मोठं पण तलाव छोटा असेल तर पाणी जोरात येईल, पण लगेच संपेल. साठवणुकीचा प्रकल्प समजून घ्यायचा तर दोन्ही आकडे लागतात.

घरच्या बिलाशी जोडायचं तर १ मेगावॅट-तास म्हणजे १,००० युनिट.

जवळचं उदाहरण: राजनांदगावची बॅटरी

गडचिरोलीच्या पूर्वेला छत्तीसगड. तिथल्या राजनांदगाव जिल्ह्यात सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे सेकी या केंद्र सरकारच्या कंपनीचा १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्याला जोडून ४० मेगावॅट / १२० मेगावॅट-तासांची बॅटरी बसवलीय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते या प्रकल्पाचं लोकार्पण झालं. दिवसा सूर्यावर बॅटरी भरायची आणि संध्याकाळच्या जादा मागणीच्या वेळी ती वीज द्यायची, असं त्याचं काम आहे.

आकड्यांचा अर्थ पाहू. १२० मेगावॅट-तास म्हणजे १ लाख २० हजार युनिट. ४० मेगावॅटच्या वेगाने सोडली तर ही वीज ३ तास पुरते. ५ एचपीचा शेतीपंप ८ तास चालला तर साधारण ३० युनिट खातो. म्हणजे एकदा भरलेल्या या बॅटरीवर असे सुमारे ४,००० पंप ८ तास चालतील.

आकडा मोठा वाटतो. पण चंद्रपूरचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर एवढी वीज ते अडीच मिनिटांत तयार करतं. बॅटरी कामाची आहेच, पण कोळशाची जागा घ्यायला तशा किती लागतील, याचा अंदाज या तुलनेतून येतो.

बॅटरीचा खरा जोर तिच्या वेगात आहे. आदेश मिळाल्यावर ती एका सेकंदापेक्षा कमी वेळात वीज देऊ लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये वादळामुळे पूर्ण राज्य अंधारात गेलं होतं. त्यानंतर २०१७ मध्ये तिथे हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॅट / १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी बसवली गेली. ती तेव्हा जगातली सगळ्यात मोठी लिथियम-आयन बॅटरी होती. वारंवारता घसरायला लागली की क्षणात सावरणं, हे काम अशा बॅटऱ्या कोळशाच्या केंद्रापेक्षा कितीतरी चपळाईने करतात.

भारतात ग्रिडला जोडलेली पहिली मोठी बॅटरी २०१९ मध्ये दिल्लीत रोहिणी इथे सुरू झाली. ती १० मेगावॅटची होती.

महाराष्ट्राची जुनी ‘बॅटरी’: घाटघर

बॅटऱ्यांची चर्चा आता होतेय, पण महाराष्ट्रात वीज साठवणूक त्याच्या बरीच आधीपासून आहे. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दीवर, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरचा उदंचन प्रकल्प आहे. क्षमता २५० मेगावॅट, म्हणजे १२५ मेगावॅटचे दोन संच. तो २००८ मध्ये सुरू झाला.

उदंचन म्हणजे पाणी उपसून वर चढवणं. घाटघरला दोन जलाशय आहेत. एक कड्याच्या वर, अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर. दुसरा कड्याच्या पायथ्याशी, शहापूर तालुक्याच्या बाजूला. दोघांच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. ग्रिडमध्ये वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवतात. मागणी वाढते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज तयार करतात. जे यंत्र पंप म्हणून चालतं, तेच उलटं फिरून टर्बाइन होतं. पाणी तेच, फक्त वर-खाली होत राहतं.

आधी रात्री मागणी कमी असायची, म्हणून उदंचनासाठी रात्रीची वीज वापरायची असा हिशेब होता. सौर ऊर्जा वाढल्यावर हा हिशेब उलटा होतोय. आता पाणी दुपारी चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं.

टाटा पॉवरचा रायगड जिल्ह्यात भिरा इथे १५० मेगावॅटचा उदंचन संच आहे, तोही १९९० च्या दशकापासून. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने राज्य सरकारशी आणखी दोन प्रकल्पांसाठी करार केला. पुणे जिल्ह्यात शिरवटा इथे १,८०० मेगावॅट आणि रायगडमध्ये भिवपुरी इथे १,००० मेगावॅट. त्याआधी जून २०२३ मध्ये एनएचपीसी आणि टोरंट पॉवर यांच्याशी मिळून १३,०५० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचे करार झाले. अर्थात करार झाला म्हणजे वीज आली असं होत नाही. असा प्रकल्प उभा राहायला बरीच वर्षं लागतात.

चामोर्शीत असा प्रकल्प का नाही होऊ शकत?

चामोर्शी तालुक्याला वैनगंगा आहे. नदीवर चिचडोह बॅरेज आहे. गावोगावी तलाव आहेत. मग इथे उदंचन का नको?

कारण इथे पाणी आहे, पण उंची नाही. १,००० लिटर पाणी ४०० मीटरवरून पडलं तर त्यात साधारण १ युनिट वीज असते. तेच पाणी ५ मीटरवरून पडलं तर १ युनिटच्या ८० व्या भागाएवढीच. म्हणजे घाटघरला जे काम एक टँकर पाणी करतं, त्यासाठी सपाट प्रदेशात ८० टँकर लागतील. वैनगंगेच्या खोऱ्यात त्यासाठी केवढी जमीन बुडवावी लागेल याचा विचार केला की उत्तर मिळतं. म्हणून राज्यातले बहुतेक उदंचन प्रकल्प सह्याद्रीच्या कड्यावर आहेत किंवा तिथेच प्रस्तावित आहेत.

तिथेही प्रश्न आहेतच. सह्याद्रीचा हा पट्टा जैवविविधतेचा आहे. जलाशय, बोगदे आणि वीजवाहिन्यांसाठी जंगल जातं, जमीन जाते. वीज स्वच्छ असली तरी तिची किंमत कुठल्या तरी गावाला मोजावी लागते. कोळशासाठी चंद्रपूरने ती प्रदूषणाच्या रूपात अनेक दशकं मोजलीय.

चामोर्शीसारख्या सपाट तालुक्यात साठवणूक आलीच तर ती बॅटरीच्या रूपात येण्याची शक्यता जास्त. बॅटरीला डोंगर लागत नाही, नदी लागत नाही. एखाद्या वीज उपकेंद्राच्या आवारात कंटेनर ठेवूनही ती बसवता येते.

दोन्हीची तुलना थोडक्यात

- किती वेळ पुरते: बॅटरी साधारण २ ते ४ तास, उदंचन ६ ते ८ तास.
- किती वीज परत मिळते: बॅटरीत घातलेल्या १०० युनिटमागे साधारण ८५ ते ९०, उदंचनात ७५ ते ८०. म्हणजे साठवणुकीत थोडी वीज जातेच.
- उभारायला वेळ: बॅटरी एक-दोन वर्षांत, उदंचनाला त्याच्या कितीतरी पट जास्त.
- आयुष्य: बॅटरी साधारण १२ ते १५ वर्षं, उदंचन ४० वर्षांहून जास्त.
- जागा: बॅटरी जवळपास कुठेही, उदंचनाला डोंगर आणि पाणी दोन्ही हवं.
- धोका: बॅटरीत आगीचा, उदंचनात जंगल आणि विस्थापनाचा.

आगीचा धोका नुसता कागदावरचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग इथल्या बॅटरी प्रकल्पाला मोठी आग लागली आणि आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. आता नव्या प्रकल्पांत बहुतेक ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या वापरतात. त्या तुलनेने कमी पेट घेतात. एकाच इमारतीत सगळं न ठेवता वेगवेगळे कंटेनर अंतर राखून ठेवले जातात. तरी ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या विदर्भातल्या उन्हाळ्यात बॅटरी थंड ठेवण्यासाठीही वीज खर्च होणार, हे लक्षात घ्यावं लागतं.

शेतीपंप दिवसा चालवणं, हीसुद्धा एक साठवणूकच

वीज साठवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे ती साठवायची गरजच कमी करणं. दुपारी वीज जास्त आहे ना? मग जे काम दुपारी करता येईल ते दुपारीच करायचं.

शेतीला पाणी देणं हे तसं काम आहे. पिकाला पाणी दुपारी मिळालं की रात्री, याने वीज यंत्रणेचं नुकसान होत नाही, शेतकऱ्याचा मात्र फायदा होतो. बांधीत भरलेलं पाणी, शेततळ्यात चढवलेलं पाणी म्हणजे दुपारच्या विजेचाच साठा.

राज्य सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे. २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबी इथे तिची सुरुवात झाली. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि त्याचं उद्दिष्ट पुढे १६,००० मेगावॅटपर्यंत वाढवलं गेलं. गावाजवळच्या उपकेंद्राच्या आसपास छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघून गावातल्या डीपीपर्यंत येणारी ११ केव्हीची लाइन. वीज जवळच तयार होते, म्हणून लांबच्या तारांमध्ये होणारी गळतीही वाचते.

दुसरी वाट ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेची. त्यात सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. या पंपाचा ग्रिडशी संबंध नसतो. ऊन असेल तोवर तो चालतो.

गडचिरोलीसाठी याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फीडर खरोखर दिवसा चालला तर वाघ-बिबट्याच्या वावरात रात्री पाणी द्यायला जाणं टळतं. सापाचा धोका कमी होतो. अंधारात ओल्या हाताने स्टार्टरला हात लावून होणारे अपघातही कमी होतात.

पण अडचणीही आहेत. इथलं मुख्य पीक धान. खरिपात पावसाने ओढ दिली की सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवं असतं. आभाळ भरलेलं असेल तर सौर वीज कमी. उन्हाळी धानाला तर पाणी फार लागतं, ८ तासांची वीज पुरत नाही अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. अशा वेळी ग्रिडचा आधार लागतोच. आणि ग्रिडला साठवणुकीचा.

शेजारी एवढं मोठं वीज केंद्र, तरी वीज का जाते?

हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर दोन भागांत आहे.

पहिलं, वीज केंद्र शेजारी असलं म्हणजे वीज शेजाऱ्यालाच मिळते असं नाही. चंद्रपूरची वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. १९९९ पासून चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची डीसी लाइन आहे. तिची क्षमता १,५०० मेगावॅट. ती मुख्यतः मुंबईकडच्या मागणीसाठी बांधली गेली.

दुसरं, गावात वीज जाते ती दर वेळी टंचाईमुळे नाही. जंगलातून गेलेल्या तारांवर वादळात फांदी पडते, डीपी जळतो, इन्सुलेटर फुटतो. ही वितरणातली बिघाडं आहेत. राज्यात कितीही वीज शिल्लक असली तरी तुटलेल्या तारेतून ती येत नाही.

म्हणूनच साठवणुकीबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. उपकेंद्रात बॅटरी आली म्हणजे गावाची वीज जाणारच नाही, असं आपोआप होत नाही. बहुतेक बॅटऱ्या ग्रिडच्या ५० हर्ट्झच्या ठेक्यावर चालतात. ग्रिडच गेलं की त्याही थांबतात. ग्रिड नसताना स्वतः ठेका धरून आसपासच्या भागाला वीज देणारी यंत्रणा वेगळी असते, तिला ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर लागतो. तशी सोय आधीच ठरवून करावी लागते. आणि बिघाड उपकेंद्राच्या पुढे, गावाकडच्या तारेत असेल तर तिचाही उपयोग नाही. दुर्गम गावातल्या आरोग्य केंद्राला, लसींच्या फ्रिजला किंवा मोबाइल टॉवरला खरा आधार मिळतो तो जागेवरच्या छोट्या सौर पॅनल आणि बॅटरीचा.

देशाला किती साठवणूक लागणार?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या राष्ट्रीय वीज आराखड्यानुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ४११ गिगावॅट-तास साठवणूक लागेल. त्यात बॅटरीचा वाटा सुमारे २३६ आणि उदंचनाचा सुमारे १७५. राजनांदगावच्या बॅटरीच्या हिशेबात सांगायचं तर साधारण ३,४०० पट.

त्या दिशेने काही पावलं पडलीत. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने बॅटरी प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देणारी योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने नव्या सौर निविदांमध्ये क्षमतेच्या किमान १० टक्के, २ तासांची साठवणूक जोडायचा सल्ला दिला. बॅटरीच्या किमतीही घसरल्यात. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये लिथियम-आयन बॅटरीची जागतिक सरासरी किंमत प्रति युनिट क्षमतेला ११५ डॉलर होती. २०१० मध्ये ती १,००० डॉलरच्या वर होती.

किंमत घटली तरी एक मर्यादा कायम आहे. या बॅटऱ्या दुपारची वीज रात्री देतील. उन्हाळ्यातली वीज पावसाळ्यात देणार नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली तर ४ तासांची बॅटरी भरणारच नाही. त्या दिवसांसाठी जलविद्युत, पवन ऊर्जा, दुसऱ्या राज्यांतली वीज आणि पुढची बरीच वर्षं कोळसा, यांचा आधार लागेल. २०१३ च्या शेवटच्या दिवशी रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिण भारत उर्वरित ग्रिडला जोडला गेला आणि देशाचं एकच ग्रिड झालं. एका भागात ढग आणि दुसऱ्या भागात ऊन असेल तर हे जाळंच साठवणुकीचं थोडं काम करतं.

बिलावर काय परिणाम होईल?

साठवणूक फुकट नाही. सौर विजेच्या दरात साठवणुकीचा खर्च मिळवला तर संध्याकाळचं युनिट दुपारच्या युनिटपेक्षा महागच पडणार. तुलना मात्र दुपारच्या सौर विजेशी करून चालत नाही. ती संध्याकाळी बाजारातून घ्याव्या लागणाऱ्या महागड्या विजेशी करावी लागते. तिच्यापेक्षा साठवलेली वीज स्वस्त पडली तर महावितरणचा खर्च कमी होतो आणि त्याचा फायदा ग्राहकापर्यंत यायला हवा.

वेळेनुसार दर ही पद्धत याच कारणाने येतेय. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, पिठाची घरगुती चक्की दुपारी चालवली तर ग्रिडवरचा संध्याकाळचा ताण कमी होतो. मात्र दिवसभर शेतावर किंवा मजुरीला जाणाऱ्या घराला दुपारची सवलत कितपत वापरता येईल, हा प्रश्न उरतो.

बातमी आली की कोणते प्रश्न विचारायचे?

‘अमुक जिल्ह्यात इतक्या कोटींचा बॅटरी प्रकल्प’ अशा पोस्ट आता वारंवार दिसतील. ती फॉरवर्ड करण्याआधी एवढं तपासून पाहा:

१. मेगावॅट किती आणि किती तासांसाठी? एकच आकडा दिला असेल तर माहिती अर्धी आहे.

२. करार झालाय, निविदा निघालीय, की प्रकल्प सुरू झालाय? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

३. साठवलेली वीज कोणाला मिळणार? राज्याच्या ग्रिडला, एखाद्या कारखान्याला की गावच्या फीडरला?

४. जागा कोणाची? वनजमीन, गायरान की खासगी? वनहक्काचे दावे असलेली जमीन असेल तर ग्रामसभेला विचारलंय का?

५. आग विझवण्याची व्यवस्था काय, आणि १५ वर्षांनी जुन्या बॅटऱ्यांचं काय होणार? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार त्या गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.

६. स्थानिक शेतकऱ्याला दिवसा वीज मिळण्याचे तास यामुळे वाढणार का?

चामोर्शीसारख्या तालुक्यासाठी या यादीतला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. देशाचं उद्दिष्ट किती गिगावॅट-तासांचं, हे दिल्लीत ठरेल. घाटघरचं पाणी कधी सोडायचं, हे कळव्यात ठरेल. धानाच्या बांधीवर मात्र त्याचा हिशेब एकाच गोष्टीवरून होईल, पंप सुरू करायला शेतकऱ्याला उजेडात जाता आलं की अंधारात जावं लागलं.